दाखल क्रमांक ५२१८

गोणीचं तोंड मी धरलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार चांगला माणूस समजणार नाही.

मार्च महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकं रद्दीत निघाली. तिथे मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. शब्द मोठा आहे. काम म्हणाल तर कुलूप उघडायचं, पुस्तक द्यायचं, आलेलं जागेवर ठेवायचं आणि प्रत्येक नव्या पुस्तकाला क्रमांक देऊन दाखल नोंदवहीत लिहायचं. शेवटचा क्रमांक होता ५२१७. वाचनालयाच्या समितीचा अध्यक्ष माझाच पुतण्या, समाधान. थोरल्या भावाचा मुलगा. त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि त्यासाठी चौकातली ती खोली कार्यालय म्हणून हवी होती. वाचक येत नाहीत, असं त्यानं ठरावात लिहिलं. ते सगळंच खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. खरं असतं तरी आणि नसतं तरी मी गप्पच बसलो असतो.

टेम्पो आला. पुस्तकं भरायला कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या आणल्या होत्या. आत टाकलेल्या पुस्तकांची नावं जाळीतून वाचता येत होती.

"तात्या, जरा गोणीचं तोंड धरा," समाधान म्हणाला. "तुमचा बी हात लागू द्या. तुमचंच हाये की सगळं."

मी धरलं. एक्केचाळीस गोण्या भरल्या, आणि प्रत्येकीचं तोंड मी दोन्ही हातांनी उघडं धरलं. दारात कोंडाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षं त्या वाचनालय झाडत होत्या. त्यांच्या लेकीनं, अमृतानं, तिथेच बसून नर्सिंगचा अभ्यास केला, आज ती घोडेगावला नोकरीला आहे. कोंडाबाई समाधानकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

खोलीत एक वस्तू तेवढी राहिली. वाचनाचं टेबल. गेणभाऊ सुतारानं ते खोलीतच बसून केलं होतं, ते दारातून निघेचना. "ऱ्हाऊ द्या," समाधान म्हणाला, "मीटिंगला व्हईल."

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. समाधानचं काहीतरी चारचौघांत अडावं, त्यानं 'हे कुणी केलं' म्हणून विचारावं आणि मी 'मी' असं म्हणावं. यातला शेवटचा भाग मला जमेल असं वाटत नव्हतं. मी आयुष्यात मोठ्यानं काही बोललेलो नाही. लग्नात माझ्या वाटचा उखाणासुद्धा वैजयंतीनं घेतला होता. ती आता नाही, नाहीतर हेही तिनंच बोलून टाकलं असतं.

संधी समाधाननंच आणून दिली. एप्रिलच्या शेवटी त्याच्या अंगणात ब्लॉक बसवायचं काम निघालं. त्यानं आपली नवी गाडी आणून माझ्या रिकाम्या बराखीत लावली. बराख म्हणजे आमच्याकडे कांदा साठवायची उंच, लोखंडी कैच्यांची शेड. माझा कांदा कधीच विकून झाला होता.

"तात्या, धा दिवस गाडी हितं ऱ्हाऊ द्या. मी गावातल्या बाया घेऊन देवदर्शनाला चाललोय, पाच बसा हायेत. ही चावी. दोन दिवसाला चालू करत जावा, न्हाईतर उंदरं वायरी खात्यात."

"मला गाडी कुठं येते?"

"ऑटोमॅटिक हाये ओ. गेर टाकायचाच न्हाई. एक हात मोबाइलला, एक हात लोकांना. म्हणून तर घेतली."

जाता जाता तो पुन्हा वळला. "आल्याच्या दुसऱ्या दिवशी उद्घाटन हाये कार्यालयाचं. पुण्यावरनं पाहुणे यायलेत. त्यांना फाट्यावरनं ह्याच गाडीत मिरवत आणायचं, टपाची काच उघडून टपातनं उभं ऱ्हाऊन. पुसून ठेवा जरा."

मी चावी घेतली आणि मान हलवली.

त्या दुपारी मी दाखल नोंदवही काढून बसलो होतो. ती मी घरी आणली होती, रद्दीवाल्याला दिली नव्हती. एवढीच माझी बंडखोरी. पुस्तकं विकली तेव्हा जी वाचकांकडे होती तेवढी वाचली, अशी तेवीस निघाली. त्यात मंचरच्या बाजीराव मेकॅनिककडे अकरा वर्षं थकलेलं एक होतं. मोटारींच्या गिअरबॉक्सची इंग्रजी दुरुस्ती-पुस्तिका, सहाशे पानं. पिंपळवंडीचे एक इंजिनिअर चाकणला नोकरीला होते, त्यांनी ती देणगी दिली होती. त्यातला सातवा भाग ऑटोमॅटिकचा. पुस्तिका समाधानच्या गाडीच्याच कंपनीची, एक मॉडेल जुनी.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं मंचरला गेलो. बाजीराव एका जीपखाली होता, नुसते पाय दिसत होते.

"बाजीराव, ते पुस्तक."

"आयला, तात्या!" तो सरपटत बाहेर आला. "अकरा वर्सांनी आठवण झाली व्हय? आवं लायब्ररीच बंद झाली, आता कुणाला देता?"

"वाचायचंय."

"गेरबॉक्स वाचताय? ह्या वयात?" त्यानं हात पुसून फळीवरून पुस्तक काढलं. पानापानावर काळे अंगठे उमटलेले. "कादंबऱ्या संपल्या का राव?"

मी हसलो. मला तेवढंच येतं.

त्या रात्री नव्हे, पुढच्या सकाळी कोंडाबाई माझ्याकडे भांडी घासायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. सांगताना माझी जीभ दोनदा अडली. समाधानच्या गाडीचा गिअरबॉक्स काढायचा. बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसली पाहिजे. पाहुणे फाट्यावर ताटकळतील आणि समाधान इथे हार घालून बसलेला असेल. मग तो शोधत वाचनालयात येईल, आणि गिअरबॉक्स तिथे टेबलावर असेल.

कोंडाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भाऊ, तुमाला सायकलची चेन बसवाया येती का?"

"नाही."

"मंग?"

"पुस्तकात दिलंय."

त्यांनी पातेलं पुन्हा उचललं. "आमी इहिरीतली मोटार वर काढतो ती चेन कुप्पी हाये घरी. आणू का?"

विहिरीतली पाण्याची मोटार वर ओढायची ती कुप्पी आम्ही बराखीच्या कैचीला टांगली. पुस्तक कांद्याच्या क्रेटवर उघडं ठेवलं. मी वाचायचं, अर्थ लावायचा आणि पाना लावायचा. पाना हलला नाही की कोंडाबाईंनी त्यावर पाइप चढवून लोंबकळायचं. पहिल्या दिवशी बॅटरी आणि हवेच्या फिल्टरचा डबा एवढंच निघालं. मला वाटलं, हे आपलं काम नाही. वैजयंती म्हणायची, तुम्ही प्रस्तावनेतच दमता.

दुसऱ्या दिवशी तेल काढलं. खाली घमेलं लावून बोल्ट सोडला तर लालभडक धार आली.

"आगं बया!" कोंडाबाई मागे सरल्या. "कुकवाचं पाणी हाये का काय?"

"ऑटोमॅटिकचं तेल लालच असतं. पान चारशे बारा."

"लिवलंय का तसं? मंग असंल."

निघालेला प्रत्येक बोल्ट मी वेगळ्या कागदी पुडीत ठेवत होतो. पुडीला वाचनालयाचं जुनं तालिका-कार्ड टाचलेलं. त्यावर पान, जागा, लांबी. हे मी चांगल्या हेतूनं करत होतो असं नाही. मला दुसरी पद्धतच येत नाही.

चौथ्या दिवशी चाकं काढून एक्सल ओढायचे होते. ते पहारीनं उचकटले तेव्हा माझ्या अंगठ्याचं नख गेलं. पाचव्या दिवशी मी सगळं सोडून देणार होतो. भावाचा मुलगा आहे, लहानपणी माझ्या खांद्यावर बसून यात्रेतले गाडे बघितलेत त्यानं, असं काहीबाही मनात येत होतं. मी तसं म्हणालोसुद्धा.

कोंडाबाई चिंध्यांनी हात पुसत होत्या. "मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "गोणी धरायची तर लई सोपी असती."

मी पुन्हा गाडीखाली गेलो.

सगळ्यात अवघड होतं ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं ताट. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. ते सहा बोल्टांनी इंजिनाला धरलेलं असतं आणि बघायला फक्त एक छोटं भोक. इंजिन हातानं फिरवून एकेक बोल्ट भोकासमोर आणायचा. हे आधी केलं नाही आणि गिअरबॉक्स ओढला तर सगळं मोडतं. पुस्तकात ते चौकटीत छापलंय. आमच्या मॉडेलमध्ये भोक पुस्तकातल्या जागी नव्हतंच. दीड दिवस मी ते शोधत होतो. शेवटी ते कोंडाबाईंना सापडलं, एका रबरी बुचाखाली.

सातव्या दिवशी बॉनेटखालच्या दोन्ही कडांवर आडवा पाइप टाकून इंजिन त्याला साखळीनं टांगलं, उरलेले बोल्ट सोडले, आणि गिअरबॉक्स मागे सरकला. कुप्पीची साखळी कोंडाबाईंच्या हातात होती. कांद्याच्या दीड गोणीएवढं ते धूड हळूहळू गोणपाटावर उतरलं. आम्ही दोघं बाजूला बसून त्याच्याकडे बघत राहिलो. मला इतका आनंद झाला होता की त्याची लाज वाटली. लाज वाटली तरी आनंद कमी झाला नाही.

मग डबा, बॅटरी, वरचं प्लॅस्टिकचं झाकण, चाकं, सगळं परत चढवलं. गाडी पुसली. समाधाननं सांगितलंच होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पोरांनी वाचनालयाच्या दाराला फीत बांधली, फुगे लावले आणि ती जेवायला गेली. दुपारी दोनच्या उन्हात आमच्या गावात कुत्रंही फिरत नाही. आम्ही गिअरबॉक्स हातगाड्यावर घालून, वर गवताचा भारा टाकून, मागच्या दारानं आत नेला. त्या दाराची चावी कोंडाबाईंकडेच असते. टेबलावर प्लॅस्टिक अंथरून, हातगाड्यावरून फळी लावून सरकवत तो मधोमध ठेवला. नोंदवही उघडून मी मार्चनंतर पहिल्यांदा नवी नोंद केली आणि तीच कार्डावर उतरवून गिअरबॉक्सला बांधली:

'दाखल क्रमांक ५२१८. गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक. देणगीदार: श्री. समाधान. स्थिती: उत्तम. संदर्भ विभाग. घरी नेण्यास मिळणार नाही.'

सकाळी आठ वाजता समाधान बराखीत आला. पांढरे कपडे, मागे दहाबारा पोरं, गाडीवर झेंडूच्या माळा. तो आत बसला, बटण दाबलं. दिवे लागले. आवाज नाही. पुन्हा दाबलं.

"तात्या, चालू करत व्हता ना?"

"पहिल्या दिवशी केली होती," मी म्हणालो. ते खरं होतं.

एका पोरानं बॉनेट उघडलं, प्लॅस्टिकच्या झाकणाकडे बघितलं, जाणकारासारखी मान हलवली आणि बॉनेट बंद केलं. "सेन्सर गेलाय."

साडेआठ झाले. पाहुण्यांचा फोन आला, ते फाट्यावर पोहोचत होते. समाधानचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, आणि मी तो घाम डोळे भरून बघितला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "टोचन लावा की!"

टोचनचा विचार मी केला नव्हता. म्हणजे पुस्तकात होता. ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून कधीही ओढू नये, गिअरबॉक्स जळतो, असं जाड अक्षरात छापलेलं मी वाचलं होतं. छापलंय म्हणजे कुणी ओढणार नाही, असं धरून मी निश्चिंत बसलो होतो. आमच्या भागात बंद पडलेली प्रत्येक गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून नेतात, हे मी जन्मभर बघत आलोय. आणि इथे तर जळायला गिअरबॉक्सच नव्हता.

पाच मिनिटांत गोरखचा ट्रॅक्टर आला, दोर बांधला, आणि गाडी मखमलीवरून घसरावी तशी निघाली. स्टिअरिंगवर एक पोरगा होता, समाधान टपातून उभा राहिला. आधी ओशाळलेला होता. मग ढोलवाल्यानं ठेका धरला, आणि कर्ण्यावरून आवाज आला, "शेतकऱ्याचा पोरगा! नवी गाडी घेतली, पर टॅक्टरचा दोर सोडला न्हाई!" टाळ्या पडल्या. फाट्यावर पाहुणे खूश होऊन ट्रॅक्टरवरच चढले. लोक मोबाइल काढून फोटो घेऊ लागले. समाधान दोन्ही हात हलवत होता. आता तर चालवायलाही हात लागत नव्हता.

मी मिरवणुकीच्या मागून चालत होतो. सात दिवस, एक नख, आणि मी त्याला अजून मोठा करून ठेवला होता. उतारावर गाडी डुलायला लागली तेव्हा तर मला भलतीच भीती वाटली. टांगलेलं इंजिन पडलं तर? माणूस मेला तर? मला मेलेला नको होता. मला तो अडकलेला हवा होता.

मिरवणूक वाचनालयापाशी थांबली. फीत कापली, दार उघडलं, मंडळी आत शिरली. मधोमध टेबल, टेबलावर ते लोखंडाचं चकचकीत धूड. पाहुण्यांना वाटलं सन्मानचिन्ह असेल. त्यांनी चष्मा लावून कार्ड मोठ्यानं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत. "समाधानराव, ही देणगी कसली म्हणायची?"

समाधानला काही कळेना. आमंत्रणावरून आलेला बाजीराव मेकॅनिक पुढे झाला, वाकला, बोट लावून तेलाचा वास घेतला. "आवं, ह्यो तुमच्या गाडीचा गेरबॉक्स हाये," तो म्हणाला. "म्हंजी आत्ता आपण मोकळं खोकं वढून आणलं व्हय?"

मागे देवदर्शनाहून आलेल्या बायका उभ्या होत्या. आधी त्यांच्यातली एक हसली, मग दुसरी, मग सगळी खोली. पाहुणेही हसले, आणि त्यांनी घड्याळ बघितलं.

समाधान पांढरा पडला. मग तो वळला, आणि माझ्याकडे नव्हे, कोंडाबाईंकडे वळला. "चावी तुझ्याकडं व्हती ना गं?"

"व्हती."

"कुणी केलं ह्ये? बोल! न्हाईतर पोलिसाला बोलावतो."

कोंडाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मार्चमध्ये बघितलं होतं तसंच.

सात दिवस मी वाक्य तयार करत होतो. चांगलं, लांब वाक्य होतं. त्यातलं काहीही आठवेना.

"मी," मी म्हणालो.

कुणाला ऐकूच गेलं नाही. पाहुणे म्हणाले, "कोण बोललं?"

"मी. मी काढला."

समाधान हसला. मनापासून हसला. "तात्या, तुमी? जावा घरी. हिला वाचवायला बोलू नका. तुमाला खिळा ठोकता येत न्हाई."

हसणाऱ्यांत आता सगळेच होते. असं काही होईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी कबूल करतोय, आणि मला कुणी मानत नाही. मार्चमध्ये मान खाली गेली होती, तशी ती पुन्हा जायला लागली.

मी टेबलाची कड धरली. "आधी बॅटरी," मी म्हणालो. "मग हवेच्या फिल्टरचा डबा. चार बोल्ट, दहाचे. मग गिअरच्या दांड्याची केबल. पान चारशे नऊ."

"तात्या—"

"थांबा की," बाजीराव म्हणाला. "बोला तात्या. कन्व्हर्टरचे बोल्ट किती?"

"सहा. इंजिन उजवीकडे फिरवून एकेक समोर आणायचा. पुस्तकात भोक खालच्या बाजूला दाखवलंय, ह्या गाडीत ते मागे आहे, रबरी बुचाखाली."

"गेरबॉक्स वढताना कन्व्हर्टर कुठं पायजे?"

"गिअरबॉक्सला चिकटून. सुटला तर तेल सांडतं आणि आतलं सील फाटतं. आमचा नाही सुटला."

मग मी थांबलोच नाही. एक्सल, स्टार्टर, साखळी, सगळं सांगितलं, पान-क्रमांकांसकट. चौतीस वर्षं त्या टेबलापाशी बसलो, पण तिथे माझं बोलणं कुणी ऐकलं असेल तर ते त्या दिवशी. माझा आवाज वाढत होता आणि तो मला ओळखू येत नव्हता.

बाजीरावनं मान हलवली. "ह्यांनीच काढलाय," तो म्हणाला. "माझ्या दुकानात एवढ्या सफाईनं कुणी काढत न्हाई."

आता कुणी हसत नव्हतं. समाधान माझ्या जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "का तात्या? मी काय वाकडं केलं तुमचं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं मला जास्त राग आला.

"गोणीचं तोंड धरायला लावलंस," मी म्हणालो. "मला."

"मी तक्रार देणार."

"दे. पंचनाम्यात लिहून घे, माल कुठे सापडला ते. वाचनालयाच्या टेबलावर. वाचनालय असंच लिहायला लाव."

पाहुणे तोवर बाहेर पडले होते. त्यांना नारायणगावला दुसरा कार्यक्रम होता. ट्रॅक्टर वाटेत आडवा होता, तो काढायला बराच वेळ लागला.

तक्रार झाली नाही. झाली असती तर सगळा तालुका वाचून हसला असता, हे समाधानला कळतं. कार्यालयाचा फलक अजून भिंतीला टेकून उभा आहे. लावायला कुणी आलेलं नाही.

आठवड्यानं बाजीराव गाडी जोडायला आला आणि त्यानं पुड्या मागितल्या, पुस्तकही मागितलं. पुड्या मी दिल्या. पुस्तक दिलं नाही. "अकरा वर्षं ठेवलं होतंस," मी म्हणालो, "आता इथे बसून वाच." तो काळ्या हातांनी टेबलापाशी बसला आणि एकेक पान उलटू लागला. समाधान त्याच्यामागे उभा होता. त्याला बसायला मी सांगितलं नाही. कोंडाबाई त्याच्या पायाशी झाडत होत्या, जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी बाजीरावचा फोन आला. एक बोल्ट कमी भरतो म्हणाला. कार्ड आहे, पुडी रिकामी आहे.

"बघतो," मी म्हणालो.

बघायचं काही नव्हतं. तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता, चौदाचा, सगळ्यात लांब. कंपनीचा तसाच बोल्ट पुण्याहून मागवला तर चार दिवसांत येतो, हे मला ठाऊक होतं आणि तो आलाही. गाडी आता चालते. पण ते चार दिवस समाधान माझ्या बराखीसमोरून चालत जात होता, आणि प्रत्येक वेळी मी ओट्यावर बसून बोल्ट चाचपून बघत होतो.

त्याची नोंद मी अजून केलेली नाही. ५२१९ क्रमांक मोकळा ठेवलाय.